काही असेल तरच फोन

जगातला निम्मा गोंगाट लोक एकमेकांना ‘ऐकू येतंय का?’ असं विचारून करतात आणि उरलेला निम्मा ‘हो, येतंय’ असं सांगून करतात, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. आणि त्याला आम्ही आमची मोठी बहीण, अक्का, दिली. आष्ट्याचे आमचे दाजी. उंचीला ताडमाड, अंगाने उसाच्या कांड्याएवढे, शर्टाच्या खिशात कायम दोन पेनं, त्यातलं एक न चालणारं, आणि चेहऱ्यावर नुकतंच कुणीतरी अवघड गणित घालून निघून गेल्यासारखा भाव. घरची शेती दोघा भावांनी सांभाळली, आणि हे शिकले, शिकतच राहिले, आणि शेवटी जवळच्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात बिनतारी दळणवळण शिकवायला लागले. दळणवळण शिकवणारा माणूस इतकं कमी कसं बोलतो, अशी शंका आमच्या आईने लग्न ठरतानाच काढली होती. त्यावर मध्यस्थ म्हणाले होते, “आवं, हलवायाची पोरं पेढा खात न्हाईत, तसं आसंल.”

मध्यस्थांचा अंदाज चुकला होता. दाजींच्या न बोलण्यामागे पोट भरल्याची तृप्ती नव्हती, तत्त्व होतं. ते तत्त्व आम्हाला लग्नाच्या दिवशीच कळलं. आमच्याकडे नवरदेवाने वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं म्हणजे अर्धा तास कंबर मोडते. आत्या, मावश्या, काका, काकांचे सैन्यातले मित्र, त्यांच्या बायका. दाजींनी त्या रांगेकडे एकदा डावीकडून उजवीकडे पाहिलं, हॉलच्या मधोमध जाऊन उभे राहिले, आणि सगळ्यांना मिळून एकदाच, चांगलं जमिनीला हात टेकवून, वाकून नमस्कार केला. सरळ होऊन म्हणाले, “सर्वांना.” आमची थोरली काकू, जिच्यासाठी खास खुर्ची मांडली होती, तिने पदर तोंडाला लावून विचारलं, “पोराच्या कमरंत काय हाय का?” तिच्या मनातून ती कंबर पुढे कित्येक वर्षं गेली नाही. दिवाळीला दाजी दिसले की ती आधी त्यांना पाट द्यायची, मग उशी.

फोनवर तर विचारू नका. दाजी ‘हॅलो’ म्हणत नाहीत. आपण फोन उचलला आहे याचा अर्थच आपण ऐकतो आहोत, मग हॅलो कशाला? आपलं नावही सांगत नाहीत, कारण ते पडद्यावर दिसतं. मी रहिमतपूरच्या हायस्कुलात मराठी शिकवतो. एकदा व्याकरणाच्या तासाला फोन थरथरला म्हणून वर्गाबाहेर येऊन उचलला, तर पलीकडून फक्त “मंगळवारी,” एवढंच आलं आणि फोन बंद. उद्देश्य नाही, विधेय नाही. मी अक्काला फोन केला. तिला माहीत नव्हतं. तिने साताऱ्याला आईला विचारलं. आईने पुण्याला धाकट्या भावाला विचारलं. सरतेशेवटी अक्कानेच दाजींना कॉलेजात फोन लावला, तेव्हा निघालं ते इतकंच, की दाजी मंगळवारी साताऱ्याला येणार होते आणि वाटेत मला गाडीत घेणार होते. त्यांनी वाचवलेल्या एका वाक्याच्या भरपाईला आम्हा तिघांचे मिळून चार फोन खर्ची पडले. हे मी त्यांना ऐकवलं तेव्हा ते गंभीरपणे विचार करून म्हणाले, “पण माझ्याकडून एकच गेला की, पाव्हणं.”

अक्का या माणसाबरोबर कशी राहत असेल, असा प्रश्न आम्हाला पडायचा. ती बोलकी. गाडीवरून जाताना दोन्ही बाजूंच्या पाट्या मोठ्याने वाचणारी. ती सांगायची, की घरी सगळं सुरळीत चालतं, फक्त उत्तर कोणत्या प्रश्नाचं आहे ते आपलं आपण ओळखायचं. एकदा तिने जाणूनबुजून ओळीने विचारलं, “चहा घेणार का, बाजाराला जाणार का, आणि माझ्यावर चिडलायत का?” दाजींनी वाचत असलेल्या कागदावरून नजर न उचलता एकच “हो” दिला. चहा प्यायला, पिशवी घेऊन बाजारात गेले, आणि येताना तिच्यासाठी अबोलीचा गजरा घेऊन आले. तेव्हा तिसरा ‘हो’ तरी खोटा होता, असं अक्काचं म्हणणं.

त्यांचा अभ्यासाचा विषय मला समजला तो आईमुळे. दाजी आठ वर्षं पीएचडी करत होते. एका गणपतीत आम्ही सगळे साताऱ्याला आईकडे जमलो होतो, संध्याकाळी वीज गेली, आणि आईने सरळच विचारलं, “जावईबापू, तुमी एवढी वर्सं करताय तरी काय?” दुसरा कुणी असता तर प्रश्न हसण्यावारी नेला असता. दाजी उठले, घरातल्या तीन बॅटऱ्या गोळा केल्या, एकीच्या काचेला लाल कागद लावला, दुसरीच्या पिवळा, आणि तिन्ही सुतळीने एकत्र बांधून हॉलच्या टोकाला उभे राहिले. म्हणाले, नवा टॉवर पूर्वीसारखा चहूकडे ओरडत नाही. तो बॅटरीसारखा झोत टाकतो, ज्याच्या त्याच्या फोनवर नेम धरून. आणि तोही एका रंगाचा नाही. एकाच फोनला दोन-तीन वेगवेगळ्या लहरींवरून एकदम माहिती देतो. मग फोन हलला की प्रत्येक रंगाचा झोत नीट लागतो आहे का, याची विचारपूस सुरू होते. पांढरा दिसतो का? दिसतो. पिवळा? दिसतो. लाल? दिसतो. परत पहिल्यापासून.

“आता बघा,” दाजी म्हणाले. त्यांना इतकं सलग बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. “तिन्ही बॅटऱ्या एकाच हातात आहेत. पांढरी तुमच्याकडे वळली म्हणजे पिवळी, लाल वळणारच. मग तीनदा का विचारायचं? एकदा सांगायचं, तिघींना लागू. आणि तुम्ही हलला नसाल तर तेही विचारायचं नाही.”

“विचारल्यानं काय झिजतंय का बापू?” आई म्हणाली.

“जागा झिजते, आई. सगळी वाट विचारपुशीतच भरते. बोलायचं असतं ते मागं राहतं.”

आईला ते पटलं की नाही कोण जाणे. ती हळूच उठून कपाटाआड गेली आणि तिथून म्हणाली, “मला आता न्हाई दिसत.” आम्ही सगळे हसलो. दाजी मात्र खूश झाले. “बरोबर! तुम्ही हललात, तुम्ही सांगितलं. असंच पाहिजे.” एवढा शहाणा विद्यार्थी त्यांना कॉलेजात मिळाला नसावा.

हा अभ्यास नुसता कागदावर नव्हता. पावसाळ्यानंतर ऊस डोक्यावर गेला, की दाजी पाठीला एक पेटी, हातात उघडी छत्री आणि छत्रीच्या दांड्याला बांधलेली पितळी शिंगासारखी एक वस्तू, असे बांधाबांधाने फिरायचे. ओल्या पानांतून झोत कितपत जातो, कुठे अडतो, हे त्यांना पाहायचं होतं. पहिल्याच वर्षी आसपासच्या रानात बातमी पसरली, की नवा रस्ता निघतोय आणि मोजणी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी बांधावर वीस माणसं. एका म्हाताऱ्याने त्यांची छत्री धरली. “रस्ता कुणाच्या रानातनं जातोय, तेवढं सांगा आन् मग म्होरं व्हा.” दाजी म्हणाले, “रस्ता नाही. झोत.” म्हातारा आणखी घाबरला. रस्त्याला भरपाई तरी मिळते. झोताचं कुणी ऐकलेलं नव्हतं. शेवटी थोरल्या भावाला मळ्यातून बोलावून आणावं लागलं. त्याने लांबूनच हाक दिली, “आरं सोडा रं त्येला, आमचाच हाय त्यो, मास्तर!” तेव्हा छत्री सुटली.

हे सगळं वाचून कुणाला दाजी कोरडे वाटतील, तर ते माझ्या लिहिण्याचं उणेपण. आमचे वडील गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं आणि प्रत्येकजण आईला काही ना काही सांगत होता: असं कर, असं करू नको, देवाची इच्छा. दाजी एक शब्द बोलले नाहीत. तेरा दिवस मोरीत बसून त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्यांचे कप विसळले. नंतर आईच्या पेन्शनचे कागद करायची वेळ आली, तेव्हा कॉलेजात रजा टाकून ते कचेरीच्या बाकावर तीन दिवस बसले. कुणाशी वाद नाही, वशिला नाही, नुसते बसले. तिसऱ्या दिवशी तिथल्या कारकुनालाच त्या बसण्याचं ओझं झालं आणि त्याने बोलावून काम केलं. आई तेव्हापासून म्हणायची, “मला तीन पोरं न्हाईत, चार हायेत. चौथं मुकं हाय, पण गुणाचं हाय.”

वडिलांमागे आई साताऱ्याला एकटीच राहिली. आमच्यापैकी कुणाकडेच ती आठ दिवसांवर टिकत नसे. शेजारी निवृत्त सुभेदार आणि त्यांची बायको. त्यांच्यावर तिचा दिवस जायचा. आणि फोन. सकाळ-संध्याकाळ आम्ही तिघं तिला फोन करायचो, आणि तिघांना ती तेच सांगायची: सुभेदारणीचा गुडघा, नळाला आलेलं पाणी, भाजी काय केली, आणि मग उरलेल्या दोघांची खबर. पुण्याच्या धाकट्याला खोकला आहे हे मला साताऱ्याहून कळायचं, आणि मी ते अक्काला सांगायला फोन केला की तिला आधीच ठाऊक असायचं. मी लपवत नाही, संध्याकाळी सातला फोन वाजला की पेपर तपासता तपासता माझं कपाळ आठ्यांनी भरायचं.

त्या दिवाळीत साताऱ्याला फराळाला बसलो असताना धाकट्यानेच विषय काढला. म्हणाला, “दाजी, तुमचं ते एकदा सांगायचं आणि तिघांना लागू, ते आमच्या घरी बसवा की.” त्याने गंमत केली होती. दाजींना गंमत कळत नाही. त्यांनी कॅलेंडरचं मागचं पान काढलं, मधोमध आईचं घर, तीन दिशांना आम्ही तिघं, असं चित्र काढलं आणि फराळ संपायच्या आत दोन नियम तयार केले. पहिला: आईशी एकाने बोलायचं, जे कळेल ते त्याने उरलेल्यांना सांगायचं. दुसरा: काही असेल तरच फोन. फोन नाही, म्हणजे सगळं ठीक.

आम्ही टाळ्या वाजवल्या. अगदी खरोखर टाळ्या वाजवल्या. अक्काने आधी आईकडे पाहिलं, मग तीही हसली. आई चकल्यांचा डबा बंद करत होती. ती म्हणाली, “बरं बापू. तुमाला समद्यांना कामं आसत्यात.” हे वाक्य मी त्या दिवशी ऐकलं, पण ते मला पोचलं फार उशिरा.

नियम उत्तम चालला. सुरुवातीला आठवडाभर चुकल्यासारखं झालं, मग सवय झाली. संध्याकाळी सात ते आठ माझे झाले. मी त्या तासात बरंच वाचलं. धाकटा म्हणाला, त्याचं ऑफिसातलं काम वेळेत व्हायला लागलं. कुणाची पाळी आहे, हे सुरुवातीला ठरलेलं होतं, पुढे ते सैल झालं. कुणीतरी बोललं असेल, असं प्रत्येकाला वाटायचं, आणि काही नाही म्हणजे ठीकच आहे, हे तर नियमातच होतं. दाजी समाधानी होते. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण, फोन हलला नाही तर विचारायचंच नाही हे सांगणारं, त्यांनी त्याच हिवाळ्यात लिहून काढलं.

माघ महिना होता. बुधवारी दुपारी मधल्या सुट्टीत मला सुभेदारणीचा फोन आला. नवरा-बायको दोन दिवस लेकीकडे कोरेगावला गेले होते. परत आले तर आईच्या दाराच्या कडीला दुधाच्या दोन पिशव्या लटकत होत्या, कालची आणि आजची. हाक मारली तर आतून कण्हल्याचा आवाज. सुभेदारांनी पहारेने कडी उचकटली. आई मोरीच्या उंबऱ्यात पडलेली होती. मंगळवारी पहाटे आंघोळीचं पाणी तापवायला उठली, चक्कर आली, आणि खुब्याचं हाड मोडलं. फोन आतल्या खोलीत उशाशी. तेवढं अंतर तिला सरकवलं नाही. हाताला लागलेल्या तांब्यातलं पाणी तिने दीड दिवस पुरवलं.

मी साताऱ्यापासून पाऊण तासावर होतो. त्या मंगळवारी मी चार तास घेतले होते, स्टाफरूममध्ये हरभऱ्याचे सोलाणे खाल्ले होते, आणि घरी येऊन झोपलो होतो.

दवाखान्याच्या पॅसेजमध्ये आम्ही सगळे जमलो तेव्हा दिवस मावळतीला आला होता. धाकटा पुण्याहून गाडी हाणत आला होता. त्याने अक्काला विचारलं, “तू बोलली नव्हतीस?”

“मला वाटलं तू बोलला असशील. रविवारी तूच करतोस ना?”

“मी दोन रविवार कामात होतो. मला वाटलं...” त्याने माझ्याकडे पाहिलं. मीही कुणाकडे तरी पाहायला हवं होतं, पण पुढे कुणी उरलं नव्हतं. मग धाकट्याची नजर भिंतीला टेकून उभ्या असलेल्या दाजींवर गेली. “दाजी, तुमच्या नियमानं आज आमची आई मेली असती.”

दाजी म्हणाले, “हो.”

त्यावर कुणीतरी बोलायला हवं होतं. नियम त्यांचा होता, पण टाळ्या आमच्या होत्या. फोन न करण्याची सोय त्यांना नव्हती मिळालेली. ते आईला मुळातच कधी फोन करत नसत, महिन्यातून एकदा काकवीचा डबा घेऊन समक्ष येत. सोय आमची झाली होती. हे सगळं त्या क्षणी माझ्या मनात स्वच्छ उमटलं होतं, अगदी वाक्यं जुळून तयार होती, आणि मी मराठीचा मास्तर असून पायांतल्या चपलांकडे बघत गप्प राहिलो.

दुसऱ्या दिवशी आई शुद्धीवर होती, आवाज खोल गेला होता. दाजी तिच्या कॉटशेजारी स्टुलावर बसले. ती त्यांनाच म्हणाली, “आट दिवस झालं, वाईच चक्कर यायची बगा. वाटायचं, सांगावं कुनाला तरी. पन तुमी म्हनला हुता ना, काही आसंल तरच. आता एवड्याशा चकरंला ‘काही’ म्हनायचं का न्हाई, मला ठरवंना.”

दाजींनी स्टूल कॉटच्या आणखी जवळ ओढलं. मग म्हणाले, “चूक माझी आहे, आई. ‘काही’ म्हणजे किती, हे मी सांगितलंच नाही.”

“आवं बापू,” आई म्हणाली, “सांगितलं आसतं तरी मी काय मोजत बसनार हुते व्हय?” आणि सलाईन नसलेल्या हाताने तिने त्यांच्या गुडघ्यावर थोपटलं. आमच्यासमोर त्या उंच माणसाने मान गुडघ्यांपर्यंत खाली घातली आणि तशीच ठेवली.

आई पुन्हा चालली नाही. दाजींनी तिला आष्ट्याला नेलं. इतर कुणी ‘आमच्याकडे’ म्हणायच्या आत गाडी सांगून आले होते. पुढच्या सहा महिन्यांतले दाजी आम्ही कधी पाहिले नव्हते. कॉलेज घरापासून जवळ, दोन तासांच्या मध्ये मोकळा वेळ मिळाला, की ते सायकल मारत घरी यायचे, दारातूनच विचारायचे, “आई, बऱ्या आहात?” “बरी हाय.” की परत. तासाभराने पुन्हा. “आई, दुखतंय का?” “न्हाई.” “पाणी?” “नको.” “उजेड डोळ्यांवर येतोय का?” एकदा मी समोर असताना आईने पांघरुणातून तोंड बाहेर काढून हात जोडले. “आवं, वाईच डोळा लागला हुता की वो! मरू लागले तर हाक मारीन, आता झोपू द्या.” आम्ही हसलो, अक्का तर डोळे पुसत हसली. दाजी हसले नाहीत. तासाभराने त्यांनी दारातून नुसतं डोकावून पाहिलं, पांघरूण वर-खाली होतंय का ते बघितलं, आणि चपला हातात घेऊन गेले.

श्रावण संपता संपता आई गेली. दुपारी, झोपेत. दाजींनी तासापूर्वी विचारलं होतं, आणि ती ‘बरी हाय’ म्हणाली होती.

प्रबंध त्यांनी विद्यापीठाला दिला नाही. छापून तयार होता, कापडी बांधणीसुद्धा झाली होती. त्यांचे गाईड सर, फार सज्जन गृहस्थ, दोनदा आष्ट्याला घरी येऊन गेले. दुसऱ्या वेळी मी तिथे होतो. सर म्हणाले, “अहो, तुमचं गणित शंभर टक्के बरोबर आहे. टॉवरला आणि फोनला ते लागू पडतं. टॉवरला आई नसते हो.” दाजी म्हणाले, “गणित बरोबर आहे, सर. ते शेवटचं प्रकरण मला वाचवत नाही.” सर चहा पिऊन गेले. अक्काने त्या प्रतीवर धूळ बसू नये म्हणून तिला जुन्या साडीचं कव्हर शिवलं आहे. आईच्या साडीचं नाही. ते तिने मुद्दाम टाळलं, असं मला म्हणाली.

आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी दाजींचा फोन येतो. मला, पुण्याला धाकट्याला, आणि आता त्या सुभेदारणीलाही. ‘हॅलो’ म्हणतात. “मी बोलतोय,” असंही सांगतात. पण त्यापुढे काय बोलायचं याची त्यांना सवय नाही. इतकी वर्षं न बोललेला माणूस. गप्पा कशा मारतात ते त्यांना येत नाही. मग फोनवर आम्ही दोघं नुसते असतो. त्यांच्याकडच्या पंख्याचा आवाज येतो. कधी त्यांनी एखादं वाक्य तयार करून ठेवलेलं असतं, “आज वांगी आणली,” आणि ते बोलून झालं की आमच्या दोघांचाही जीव भांड्यात पडतो. धाकटा बहुधा उचलत नाही. त्याच्या मनात अजून तो पॅसेज आहे. दाजी पूर्ण वाजेपर्यंत थांबतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावतात.

गेल्या मार्गशीर्षात माझा फोन पाण्याच्या टाकीत पडला. दुरुस्तीला टाकला. दोन दिवस बिनफोनाचा होतो आणि मला ते बरंच वाटत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला शिपाई सांगत आला, की फाटकाशी कुणी उंच पाहुणे आलेत, आत या म्हटलं तर येत नाहीत. बाहेर गेलो तर दाजी. आष्ट्याहून कराड, कराडहून रहिमतपूर, दोन एसट्या बदलून. दाढी वाढलेली, हातात काही नाही.

“लागला नाही,” ते म्हणाले.

“टाकीत पडला हो. मी घरून दुसऱ्याच्या फोनवरून कळवायला हवं होतं.” मग मी, का कोण जाणे, थोडा चिडूनच म्हणालो, “आणि दाजी, शाळेच्या फोनवर लावायचा. हेडमास्तरांना विचारायचं. एवढ्यासाठी इतक्या लांब कुणी येतं का?”

“विचारलं असतं तर ते म्हणाले असते, आहेत, ठीक आहेत,” दाजी म्हणाले. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं. “चला. मी निघतो. साडेदहाची कराड आहे.”

चहाला थांबले नाहीत. मी स्टँडपर्यंत सोबत गेलो. गाडी लागलेली होती, अर्धी रिकामी. ते खिडकीशी बसले. मी खाली उभा होतो, आणि मला एकाएकी वाटलं, की आता नाही तर हे कधीच होणार नाही.

“दाजी,” मी म्हणालो, “त्या दिवशी दवाखान्यात धाकटा बोलला, तेव्हा मी बोलायला हवं होतं. नियम तुमचा एकट्याचा नव्हता. आम्हाला तो हवा होता.”

त्यांनी ऐकलं. शेजारच्या सीटवर कुणीतरी टाकलेला वर्तमानपत्राचा कागद होता, तो त्यांनी उचलला, घडी घातली, आणि सीटवरून एकदा हात फिरवला.

माझा अकराला नववीचा तास होता. मी आत चढलो आणि त्यांच्याशेजारी बसलो. कंडक्टरने विचारलं, कुठं? मी म्हणालो, कराड. दाजींनी काही विचारलं नाही. रहिमतपूर मागे पडलं, दोन्ही बाजूंना उसाची रानं लागली, काही उभी, काही तोडून पाचट पसरलेली. “तोड लवकर सुरू झाली,” दाजी म्हणाले. मी म्हणालो, हो, यंदा लवकर. पुढे एका वळणावर गाडी कलली तेव्हा त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला, आणि रस्ता सरळ झाल्यावरही त्यांनी तो काढून घेतला नाही. कराडला त्यांची आष्ट्याची गाडी यायला वेळ होता. मी थांबलो. गाडी आली, ते चढले, गर्दीत उभं राहायला मिळालं. मला परतीची गाडी समोरच लागलेली होती, पण त्यांची हलून रस्त्याला लागेपर्यंत, आणि मग ती दिसेनाशी होईपर्यंत, मी तिथेच उभा राहिलो.